मच्छरदाणीतलं डोहाळजेवण

तापाचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. परसात करवंट्या साठतात तसे ते साठतात. एक नारळ फोडला, करवंटी टाकली. दुसरा फोडला, दुसरी टाकली. कोणी नीट लावून ठेवत नाही, आणि कोणी फेकूनही देत नाही. मग एक दिवस पाहुणे येतात, ढीग बघतात आणि म्हणतात, "केवढ्या या!"

तर ऐका. आटपाट वाडी होती, रत्नागिरीजवळ पावस गावाच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. तिथे एक म्हातारा होता, एक म्हातारी होती. म्हातारा कामापुरतं बोलायचा, उरलेलं म्हातारी बोलायची. त्यांना एक मुलगा होता दिनेश, एक सून होती शुभा. घराला अंगण होतं, अंगणात विहीर होती, विहिरीला डास होते.

म्हातारी म्हणजे मी.

घरात खायला-प्यायला होतं, मूल नव्हतं. शुभाला दोनदा दिवस राहिले. दोनदा पावसाळ्यात हिवताप आला, आणि दोनदा आम्ही रत्नागिरीहून हात हलवत परत आलो. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुमच्या सुनेत काही दोष नाही. हा तापच घात करतोय. पुढच्या वेळी ताप येता कामा नये."

मी म्हटलं, "बाई, तापाला तुम्ही सांगून बघा. आमचं तो ऐकत नाही."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तापाला नको. डासाला अडवा."

*

दिनेश रत्नागिरीला काजूच्या कारखान्यात होता. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, वाडीतली पोरं मुंबईला पळत होती, आमचा तेवढा काजूला चिकटून राहिला होता. कारखान्याला इथली बी पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून जहाजाने बी येते. मालक म्हणाला, "दिनेश, तिकडे जा, बी कापून बघ, चांगली असेल तेवढीच घे."

टांझानिया देशात म्टवारा नावाचं बंदर आहे. नाव घ्यायच्या आधी तोंड मिटावं लागतं. आमच्या यांना ते गाव त्यामुळेच आवडलं.

बातमी सांगायला मी शेजारी गेले. शेजारी दाऊदभाई आणि हमीदाभाभी. दाऊदभाईंची स्वतःची होडी, समुद्रावर त्यांचा शब्द चालतो. त्या दिवशी ते दोन गोधड्यांखाली होते. खाट अशी हलत होती की तिच्याखालची कोंबडी बाहेर येऊन उभी राहिली होती.

"वहिनी," दात वाजवत ते म्हणाले, "पोराला नका पाठवू गो! तिकडे मलेरिया असतो!"

मी विचारलं, "मग तुम्हाला काय झालंय?"

"मला? मला नुसता ताप!"

*

म्टवाऱ्याला दिनेशने एका बाईकडे खोली घेतली. बाईचं नाव झैना. तिथे बाईमाणसाला मानाने मामा म्हणतात, म्हणून सगळे त्यांना मामा झैना म्हणायचे. वय माझ्याएवढं. या मामा झैना रोज दिवेलागणीला पत्र्याचा डबा वाजवत गल्लीतून फिरायच्या आणि घराघरात डोकावून बघायच्या, मच्छरदाणी बांधली की नाही. ज्याने बांधली नसेल त्याच्या दारात उभ्या राहून डबा वाजवायच्या. शेजारी ओरडायचे, "बांध एकदाची, आम्हाला जेवू दे!"

दिनेश म्हणाला, "मामा, मी कोकणातला. डास आम्हाला नवीन नाहीत."

आठवड्यात आडवा झाला. मामा झैनांनी त्याला दवाखान्यात नेलं, पेज पाजली, उठवून बसवला. बरा झाल्यावर म्हणाल्या, "आता तू मला एक मदत करायचीस."

बायकांचं एक मंडळ होतं. ते बाजारात आंब्याच्या झाडाखाली मलेरियाचं नाटक करायचं. आई होती, बाळ होतं, डॉक्टर होता. डास व्हायला कोणी तयार नव्हतं.

आमचा दिनेश शिमग्याला नमनाच्या खेळात संकासुर राक्षस व्हायचा. कमरेला घुंगरं बांधून हा उड्या मारायला लागला की लहान पोरं आईच्या पदरात शिरायची. त्यांना हे काय माहीत! त्यांनी त्याच्या पाठीला झावळीचे पंख बांधले, तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला, आणि सांगितलं, "बाळाला चावायला ये, मच्छरदाणीत अडक आणि मर."

तो आला. आला तो नाचतच आला. लोक उठून उभे राहिले. मच्छरदाणीत अडकला, तडफडला, पडला. लोक ओरडले, "उठ! उठ!" तो उठला. पुन्हा मेला. लोक पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा उठायला लागल्यावर आई झालेल्या मामा झैनांनी बाळ खाली ठेवलं, भाताचा डाव उचलला आणि त्याच्या टाळक्यात घातला. तेव्हा मेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काजूच्या ढिगापाशी भाव करायला बसला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला,

"काल रक्त प्यायलास. आज काजूपण स्वस्तात मागतोस?"

*

चैत्रात दिनेश परत आला तो निळ्या मच्छरदाण्यांचं गाठोडं घेऊन. औषधात बुडवलेल्या, डास टेकला की मरायचा. मामा झैनांनी निवडून दिल्या होत्या. एक शुभाला ठेवली, बाकी वाडीत वाटल्या.

आमच्याकडे आरोग्य खात्याचे गुरव म्हणून होते. वाडी त्यांना मलेरियावाले म्हणायची. दारोदार जायचे, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचे. मच्छरदाणी वापरा म्हणून सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. ते टेकडीवरून उतरताना त्यांना खाली आख्खी वाडी निळी दिसली. मला नंतर म्हणाले, "आजी, डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

खाली आले तर एकाही मच्छरदाणीत माणूस नव्हता. बोंबील होते, सुकट होती, हमीदाभाभींच्या अंगणात मांदेलीही होती.

"भाभी, हे काय?"

"वाळत घातलीय. एक माशी बसत नाही बघा! लई चांगला माल पाठवलाय त्या बाईने."

"भाभी, यात माणूस झोपायला पाहिजे!"

"माणसाला कुठे माश्या बसतात?"

तेवढ्यात खाडीकडून दाऊदभाई आले. त्यांच्या खांद्यावर दुसरी मच्छरदाणी होती, ओली, आणि तिच्यात ओंजळभर जवळा उड्या मारत होता. गुरव मटकन चिऱ्यावर बसले.

"असं बघता काय?" दाऊदभाई म्हणाले. "बारीक जाळं दिलंत, बारीक मासळी धरली."

गुरवांनी समजावलं. जाळ्याला औषध आहे, ते मासळीला लागलं असणार, ती खाऊ नका, फेका. हमीदाभाभी ऐकून घेत होत्या आणि सुकट चाळवत होत्या. शेवटी गुरव गेले. मग भाभींची मांजर आली. तिने सुकट हुंगली, मागे सरली, पुन्हा हुंगली, आणि तोंड फिरवून निघून गेली.

हमीदाभाभींनी सगळी मासळी खड्डा खणून पुरली. मला म्हणाल्या, "गुरव नोकरीसाठी बोलतो. मांजर कशाला खोटं बोलेल?"

दिनेशला विचारलं, आता काय करायचं? तो म्हणाला, "तिकडे पण पहिल्या वर्षी हेच झालं. मामा झैनांच्या सख्ख्या भावाने त्यात मासे धरले. मग त्यांनी एक युक्ती काढली. मच्छरदाणी हातात द्यायचीच नाही. संध्याकाळी जायचं, घरातलं लहान मूल निजलेलं असेल त्याच्यावर आपण बांधून यायची. निजलेल्या पोरावरचं जाळं सोडायला कोणाचा हात उठत नाही."

वाटलेल्या मच्छरदाण्या परत गोळा करून आम्ही तसंच केलं. हमीदाभाभींच्या नातवावर मी माझ्या हाताने गाठी मारल्या. भाभी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"सगळं खरं गो वहिनी, पण माझ्या सुकटीवर माश्या बसतात त्याचं काय?"

मी म्हटलं, "सुकटीपाशी तू बस."

*

आषाढ लागता लागता कळलं की शुभाला पुन्हा दिवस राहिलेत. घरात कोणी पेढे आणले नाहीत. शुभा विहिरीवर कपडे धुता धुता एकदम थांबायची आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची. मी बघितलं न बघितलंसं करायचे. मग ती आत गेली की आमचे हे विचारायचे, "गरम होतं काय?"

गुरव आता आठवड्याला येऊ लागले. शुभाचं रक्त घेतलं, माझं घेतलं, दिनेशचं घेतलं. हे मात्र हात मागे बांधून बसले.

"मला ताप नाही."

"आजोबा, येऊन गेला असेल तर कळेल."

"तुझा रिपोर्ट येईपर्यंत ताप तरी जातो, नाहीतर माणूस तरी जातो. मग कळवतोस कोणाला?"

गुरव म्हणाले, "जो उरेल त्याला."

श्रावणात यांना ताप भरला. यावेळी बोट पुढे केलं. गोळ्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी घाम आला, अंग हलकं झालं, आणि हे उठून माडाला पाणी... नाही, श्रावणात पाणी कुठलं, माडाखाली जाऊन उगीच उभे राहिले. म्हणाले, "बरा झालो."

पुढे काही दिवसांनी पुन्हा थंडी वाजली. मी देवघर आवरत होते तर गणपतीच्या तसबिरीमागे गोळ्यांची पुडी.

"या काय?"

"पुढच्या तापाला ठेवल्यात."

"त्या याच तापाच्या होत्या!"

गुरवांना बोलावलं. ते म्हणाले, "आजोबा, अर्ध्या गोळ्या घेतल्यात म्हणून रोग अर्धाच मेला. उरलेला अजून तुमच्या रक्तात आहे."

"असू दे. मी काय त्याला हाकलत नाही."

मी काही बोलणार होते. पण गुरवांनी आत चुलीपाशी बसलेल्या शुभाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला चावलेला डास उद्या तिला चावेल."

यांनी गोळ्या घेतल्या. शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. त्या कडू जहर गोळ्या, पण पाणी मागितलं नाही, गूळ मागितला नाही. फक्त रोज गोळी गिळली की शुभाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचे, "घेतली!"

*

विहिरीचं राहिलंच. डास अंडी घालतात स्वच्छ पाण्यात, आणि आमच्या विहिरीचं पाणी आरशासारखं. त्याचा आम्हाला फार अभिमान होता. गुरव म्हणाले, "यात गप्पी मासे सोडू. डासांची पिल्लं खातात."

बरणी घेऊन आले. दाऊदभाई मुद्दाम बघायला आले. बरणी उजेडात धरली, डोळे बारीक केले.

"हे मासे?"

"हो. गप्पी."

"गुरव, मी समुद्रात घोळ धरलीय, माणसाएवढी. यांना तुम्ही मासे म्हणणार असाल तर तिला काय म्हणू?"

गुरवांनी मासे सोडले. दाऊदभाईंच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. शुभाला ते लेकीसारखं मानायचे. तिच्या विहिरीत सरकारने असली बारकी जनता सोडावी हे त्यांना पटेना. त्यांनी कोणाला न विचारता भातखाचराच्या डबक्यातून एक मरळ मासा धरला, चांगला हातभर, काळा कुळकुळीत, आणि आमच्या विहिरीत सोडला. म्हणाले, "आता बघू डास कसे राहतात!"

पुढच्या आठवड्यात गुरव विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिले.

"आजी, गप्पी दिसत नाहीत."

मी दाऊदभाईंकडे बघितलं. दाऊदभाई म्हणाले, "आहेत ना. सगळे आहेत. एकाच्याच पोटात आहेत."

मरळ काढल्याशिवाय नवीन गप्पी सोडता येईनात. दाऊदभाईंनी गळ टाकला, तिने आमिष खाल्लं, गळ सोडून दिला. जाळं सोडलं, ती कपारीत बसली. वाडी विहिरीभोवती जमली. जो तो सल्ला द्यायला लागला. समुद्रावर ज्यांच्यापुढे कोणी बोलत नाही, त्या दाऊदभाईंना शाळेतली पोरं मासे धरायला शिकवत होती. शेवटी ते लुंगी खोचून विहिरीत उतरले. ओले होऊन वर आले, मरळ खालीच.

अशात हमीदाभाभी आल्या. "सरका रे, मला पाणी न्यायचंय," म्हणत त्यांनी कळशी सोडली, ओढली, आणि कळशीत मरळ.

दाऊदभाई लुंगी पिळत घराकडे वळले.  पुढे कित्येक महिने दाऊदभाई होडी घेऊन निघाले की भाभी दारातून विचारायच्या, "कळशी देऊ काय?"

मरळीचं कालवण आमच्याकडे झालं. गुरव नवीन बरणी घेऊन आले होते, त्यांनाच जेवायला बसवलं. ते नको नको म्हणाले, मग दोनदा भात घेतला. आमचे हे हात धुता धुता म्हणाले,

"सरकारी मासे शेवटी सरकारी माणसाच्याच पोटात गेले."

*

दसरा झाला आणि दिनेशला पुन्हा म्टवाऱ्याला जावं लागलं. काजूचा हंगाम थांबत नाही. जाताना तो शुभाला काय बोलला मला ठाऊक नाही. मला मात्र म्हणाला, "आये, दिवेलागणीनंतर तिला बाहेर सोडू नको."

त्याने सांगायची गरज नव्हती. तिन्हीसांजेला मी दारं-खिडक्या लावून नारळाच्या सोडणांची धुरी करायचे, वर कडुनिंबाचा पाला. घर असं भरायचं की देवापुढचा दिवा दिसेनासा व्हायचा. एकदा हे खोकत खोकत ओटीवर आले. दाऊदभाईंनी विचारलं, "काय, डास गेले?"

"ते काय माहीत नाय," हे म्हणाले, "मी निघालो."

*

कार्तिकात सातवा लागला. एकही ताप न येता सातवा लागला होता. आता डोहाळजेवण करायला हवं.

शुभाचं माहेर केळशीचं. विहीणबाई आपल्या बहिणीला घेऊन आल्या. आमच्याकडे डोहाळजेवण नाना तऱ्हांनी करतात. कोणी बागेत करतं, कोणी होडीत बसवून करतं. विहीणबाईंनी येतानाच ठरवून आणलं होतं, चांदण्यातलं करायचं. अंगणात झोपाळा, वर पौर्णिमेचा चंद्र, पोरीला पांढरी फुलं.

मी म्हटलं, "दिवेलागणीनंतर शुभा मच्छरदाणीच्या बाहेर येणार नाही."

"एक दिवस?"

"एक दिवसही नाही."

"आमच्या केळशीला काय डास नाहीत? मी चार पोरं चांदण्यातच वाढवली."

आमचे हे ओटीवरून म्हणाले, "केळशीला डास असतील. इथले तुम्हाला ओळखत नाहीत."

विहीणबाईंचं तोंड फुगलं. शुभा रडायच्या बेताला आली. सासू एकीकडे, आई एकीकडे, नवरा समुद्रापार. मी शुभाला आत नेलं. विचारलं, "तुला काय पाहिजे गो?"

ती म्हणाली, "आये, मला बाळ पाहिजे. चंद्र नको."

तेव्हा मी ठरवलं. बागेतलं होतं, होडीतलं होतं, तर मच्छरदाणीतलं का नाही? अंगणात चार बांबू पुरले. गाठोड्यातली सगळ्यात मोठी, शुभासाठी ठेवलेली निळी मच्छरदाणी वर बांधली, तिला बाहेरून अबोलीचे गजरे सोडले, आत झोपाळा. झोपाळ्यावर हिरवी साडी नेसून शुभा. वर चंद्रही होता, पण जाळीतून दिसणारा.

बायका बाहेर बसल्या. ओटी भरायची तर जाळी उचलायची, हात आत घालायचा, आणि आत घालायच्या आधी तो झटकायचा. हमीदाभाभींनी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. त्यांनी हात झटकला, बांगड्या भरल्या, हात काढून घेतला आणि चटकन जाळी खोचली. म्हणाल्या, "कैऱ्या आढीत घालतात तशी घातलीय गो पोरीला!"

विहीणबाई मात्र फुगून लांब पाटावर बसल्या होत्या. मच्छरदाणीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी पेढा-बर्फीच्या वाट्या पुढे केल्या, त्या म्हणाल्या, "तुमचं चालू द्या."

मग डास आले.

पहिली चापट विहीणबाईंनी हळूच मारली, कोणाला कळू नये अशी. दुसरी जरा जोरात. मग पायावर एक, मानेवर एक. त्यांची बहीण उठली, "मी शुभाचा गजरा नीट करते," म्हणत जाळी उचलून आत गेली. ती गजरा नीट करून बाहेर आलीच नाही. तिच्यामागे एक काकू "झोपाळ्याला झोका देते" म्हणून गेल्या. मग दोघी गाणं म्हणायला गेल्या. हमीदाभाभी काहीच कारण न सांगता गेल्या.

शेवटी पाटावर एकट्या विहीणबाई राहिल्या. त्यांनी स्वतःच्याच गालावर अशी एक मारली की गाणं थांबलं. उठल्या, पदर खोचला आणि आत शिरल्या. त्या आत गेल्याबरोबर एका बांबूने दम सोडला. दाऊदभाई धावले. आमचे हेही उठले. दोघांनी दोन बाजूंनी बांबू धरून ठेवले. आत सगळ्या बायका, झोपाळा, गाणी, पेढे. बाहेर दोन म्हातारे, दोन्ही हात गुंतलेले, आणि वाडीतले सगळे डास.

दाऊदभाई म्हणाले, "भाऊ, खाजवायचं कसं?"

हे म्हणाले, "नाय खाजवायचं."

आणि आतून विहीणबाईंचा आवाज आला, "व्याही, जरा ताणून धरा हो! डास येतायत!"

*

माघात शुभाला रत्नागिरीला नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात हे बाकावर बसले होते. आमच्याबरोबर हमीदाभाभी होत्या. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या, मी आपल्या देवाचं नाव घेत होते. मागे दोनदा मी याच बाकावर बसले होते. त्यामुळे यावेळी उभीच राहिले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हे उठले.

"ताप आहे?"

बाई म्हणाल्या, "मुलगी आहे."

"ते असू दे. ताप आहे?"

"नाही हो आजोबा. आईला नाही, बाळाला नाही. दोघी छान आहेत."

हे पुन्हा बाकावर बसले. खिशातून रुमाल काढला, तो झटकला, घडी घातली, पुन्हा खिशात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आता बस."

दिनेश संध्याकाळी पावसच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. मी गेले. बूथवाल्याने फोन उचलून माझ्या हातात दिला. मी सांगितलं, "मुलगी झाली. शुभा बरी आहे." पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं लाइन तुटली. मग एकदम डबे वाजायला लागले. एक नाही, कितीतरी. बायका ओरडत होत्या, गात होत्या. त्या मंडळाच्या बायका दुपारपासून फोनपाशी बसून होत्या म्हणे.

मग दिनेशच्या हातून कोणीतरी फोन काढून घेतला. मामा झैना.

त्या बोलल्या. मी म्हटलं, "हो, हो. शुभासारखी आहे, नाक तेवढं आमच्या यांचं."

त्या बोलल्या. मी म्हटलं, "दूध आहे, चांगलं आहे. आळीव देतेय."

त्या पुष्कळ वेळ बोलल्या. मी म्हटलं, "नाही हो, त्यात तुमचं निम्मं आहे. तुम्ही इथे असतात तर बारशाला पहिलं कुंकू तुम्हाला लावलं असतं." मग त्या हसल्या, मी हसले. मग त्यांनी फोन ठेवला, मी ठेवला.

बूथवाला टक लावून बघत होता.

"आजी, काय म्हणत होत्या त्या?"

मी सांगितलं, "पोरीला सकाळचं कोवळं ऊन द्या म्हणाल्या. शुभाला लगेच उठवू नका म्हणाल्या. त्यांच्या धाकट्या लेकीलाही दिवस गेलेत, पहिलटकरीण आहे, जरा काळजीत आहेत. मी म्हटलं, सगळं चांगलं होईल."

"हो, पण आजी, त्या बोलतात कुठल्या भाषेत?"

मी पदर डोक्यावर घेतला. घरी मुलगी यायची होती, कामं पडली होती.

"ते मी विचारलं नाही रे बाबा."